रात्रपाळीची हजेरी

हजेरीमास्तरांना हजेरीमास्तर म्हणतात ते उगाच नाही. कारखान्याच्या फाटकाला लागून सहा बाय सहाची काचेची खोली होती, तिच्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. समोर जाडजूड रजिस्टर, उजवीकडे निळं पेन, डावीकडे लाल. भोंगा वाजून थांबला की निळं खाली आणि लाल हातात. मग समोर फिटर उभा असो नाहीतर मालकाचा सख्खा मेहुणा, एक मिनिट उशीर म्हणजे एक मिनिट उशीर. लग्नानंतर पहिल्या दिवशी कामावर गेले ते चार मिनिटं उशिरा, तर स्वतःच्याच नावापुढे लाल शाईनं चार लिहून मोकळे झाले. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून छाती फुगवून सांगतात. सौभाग्यवती चहा गाळता गाळता म्हणतात, "आणि त्या चार मिनिटांचं खापर माझ्यावर फोडलंत, ते कोण सांगणार?"

या सौभाग्यवतीही काही कमी नव्हत्या. त्याच कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला तरी कोण आहे ते सांगायच्या. मोठ्या साहेबांना सर्दी होणार हे साहेबांच्या आधी त्यांना कळायचं, तेही तीन मजल्यांवरून, तारेतून. नवऱ्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि बायकोचा कानांवर. संसार त्यामुळे झकास चालला. एकाला दिसायचं ते दुसरीला आधीच ऐकू आलेलं असायचं, आणि यावरून भांडायला दोघांना आयुष्यभर पुरलं.

निवृत्तीनंतर दोघं आपल्या बैठ्या घरात राहत होती. पुढे दोन पावलांचं अंगण आणि हिरवं लोखंडी फाटक. मागे मात्र ऐसपैस जागा: रताळ्यांचा वाफा, काठ्यांवर चढवलेला घेवडा, पालापाचोळ्याचा ढीग, आणि त्यापलीकडे काटेरी कुंपण. कुंपणामागे ओढा आणि ओढ्यापल्याड नुसतं रान. पुढची बाजू हजेरीमास्तरांची, मागची बाईंची, अशी न बोलता झालेली वाटणी होती.

तर एके दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "काल रात्री मागच्या बाजूला कुणीतरी खुळखुळा वाजवत होतं."

हजेरीमास्तरांनी पेपर खाली केला. "काय वाजवत होतं?"

"अगदी खुळखुळा नव्हे हो. डब्यात दाभणं घालून डबा हलवावा ना, तसं. थोडं वाजायचं, थांबायचं. मग खरवडल्यासारखं. मग कुणीतरी कचाकचा चावतंय असं."

"मी शेजारीच होतो की. मला तर काही ऐकू आलं नाही."

"तुम्ही घोरत होतात."

"घोरणारा माणूस मेलेला नसतो," हजेरीमास्तर म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं.

मिटलं कसलं! दोन दिवसांनी पुन्हा खुळखुळा. मग पुन्हा. एके रात्री बाईंनी त्यांना हलवून उठवलं. "ऐका, ऐका, आत्ता वाजतंय." हजेरीमास्तर उठून बसले, श्वास रोखून ऐकलं, डावीकडे मान केली, उजवीकडे केली. काही नाही, चिडीचूप. सकाळी रताळ्याचे वेल उपटलेले दिसले, माती उकरलेली दिसली. ते म्हणाले, घुशीचं काम. बाई म्हणाल्या, घूस काय बाजा लावून येते? हे कुठल्याच रकान्यात बसेना, आणि रकान्यात न बसणाऱ्या गोष्टींना हजेरीमास्तर घाबरतात.

हो, घाबरले होते ते. वरून कितीही तोरा मिरवू देत. अर्ध्या रात्री बायको उठून बसते, आसपास चिटपाखरू नसताना खुळखुळा ऐकते, आणि ज्या बाईनं जन्मात कधी चुकीच्या खोलीत फोन जोडला नाही ती अशी बोलायला लागते, म्हटल्यावर कुणीही धास्तावेल. पण सरळ जवळ बसून "मला भीती वाटते गं" म्हणतील तर ते हजेरीमास्तर कसले! त्यांनी वही काढली. आखली. तारीख, वेळ, तपशील. खुळखुळा, चार वेळा. दूध उतू गेलं, एकदा. आणि एक बाब त्यांनी खाली रेघ मारून लिहिली: एकच गोष्ट दोनदोनदा बोलते. पोस्टमननं विचारलं, "तब्येत काय म्हणते?" तर हिनं तेच वाक्य लगेच मला पुन्हा ऐकवलं. दुकानदार बोलला ते पुन्हा. शेजारी बोलले ते पुन्हा.

ही वही घेऊन ते फाटकाशी गेले आणि मुलीला गुपचूप फोन लावला. आता हजेरीमास्तरांचं गुपचूप म्हणजे काय, तर रस्त्यावरचा माणूस थबकून बघेल असं. आत भाजी चिरत असलेल्या बाईंनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकलं. चिरणं तेवढं थांबवलं नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात. ती बिचारी हादरलीच. तिनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची. वर म्हणाली, "बाबा, तसं काही निघालं तर तुम्ही दोघं तिकडे एकटे राहायचं नाही. घर विकू, इकडे या." जावई मात्र शांत डोक्याचा माणूस. रानातल्या जनावरांची मोजदाद करणं हे त्याचं कामच. तो म्हणाला, "आधी बघू तरी काय येतंय ते," आणि आपला एक जुना ट्रेल कॅमेरा कुरियरनं पाठवून दिला.

कॅमेरा पोचला त्या दिवशी बाईंनी हात पुसले आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला वेडी ठरवायला निघालात होय?"

"वेडी कोण म्हणतंय? नुसती तपासणी..."

"ऐकलंय मी सगळं. लावा कॅमेरा. काही दिसलं, तर डॉक्टर नाही आणि घर विकायचं नावही काढायचं नाही. नाही दिसलं, तर मी मुकाट्यानं येते गुरुवारी. तुम्ही न्याल तिथे येते."

एवढं बोलून बाई उठल्या. हजेरीमास्तरांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना मुळीच बरं वाटलं नाही.

कॅमेरा होता जेवणाच्या डब्याएवढा, चिखलाच्या रंगाचा, पोटात आठ सेल. समोरून काहीही ऊबदार हललं की आपोआप फोटो काढायचा. अंधारात माणसाला न दिसणारा उजेड पाडायचा आणि फोटोच्या खाली तारीख, वेळ, तापमान छापायचा. वेळ छापतो म्हटल्यावर हजेरीमास्तर त्याच्या प्रेमातच पडले. व्हिडिओचीही सोय होती, ती त्यांनी बंद केली. हजेरीला फोटो पुरतो.

आता सांगा, हा कॅमेरा लावायचा कुठे? तुम्ही म्हणाल रताळ्याच्या वाफ्यावर. बाईही तेच म्हणाल्या. शेंबडं पोरही तेच म्हणालं असतं. पण हजेरीमास्तरांनी पट्टा घेतला आणि कॅमेरा बांधला पुढच्या फाटकाच्या खांबाला, फाटकाकडे तोंड करून.

"अहो, ते मागून येतं!"

"मागे फाटक आहे का?"

"नाही."

"मग येईल कसं? आत जे येतं ते फाटकातून येतं. चौतीस वर्षं बघितलंय मी."

बाईंनी कपाळाला हात लावला. या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढचे बारा दिवस हजेरीमास्तरांचं तारुण्य परत आलं. सकाळी उठायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, लॅपटॉपमध्ये घालायचं, वहीत उतरवायचं. पहिल्या रात्री एकोणीस फोटो निघाले. त्यातल्या अकरांमध्ये खुद्द हजेरीमास्तर होते, पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात, कॅमेरा चालू आहे की नाही ते वाकून बघताना. पाच फोटोंत शेजारच्या विमेवाल्यांची मांजर. दोनांत फाटकाबाहेरून जाणारं कुत्रं. आणि एकात, पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी, खुद्द विमेवाले. आपली कचऱ्याची पिशवी यांच्या डब्यात टाकताना!

झालं! जनावर राहिलं बाजूला. हजेरीमास्तर फोटो घेऊन विमेवाल्यांच्या दारात हजर. विमेवाल्यांनी आधी तो मी नव्हेच केलं, मग चष्मा काढला, मग स्वतःचंच टक्कल ओळखलं. पेपरवाला पेपर ठेवायच्या ऐवजी भिरकावतो, हेही सापडलं. दूधवाला सहा पन्नासला येऊन सहा तीसला आलो म्हणतो, हेही सापडलं. दूधवाल्याला तर लाल शाई लागली.

"तुम्ही जनावर शोधताय की माणसं?" बाईंनी विचारलं.

"जो येईल त्याची नोंद," हजेरीमास्तर म्हणाले. "तुझा खुळखुळावाला आला तर त्याचीही होईल."

तो मात्र आला नाही. म्हणजे बाईंना रोज ऐकू येत होता, वाफ्यातली रताळी रोज कमी होत होती, पण फाटकावर नोंद नाही. बारा रात्री, बारा वेळा गैरहजर. हजेरीमास्तरांनी मुलीला तसं कळवलं. कळवणं त्यांना किती जड गेलं, ते मुलीला कळलं नाही, कारण ते फारच मोठ्यानं बोलत होते.

तेराव्या दिवशी दुपारी बाई मागच्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हजेरीमास्तर शेजारी येऊन टेकले. बाईंनी आणखी दोन शेंगा सोलल्या. मग शेंगेवरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं? खरंच मला भास होत असतील का?"

आजवर या बाईंनी नवऱ्याला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. तुम्हाला काय कळतंय, हे विचारलं होतं. तुम्हाला काय वाटतं, हे नाही. "नाही गं, तुझं बरोबर असेल," एवढं साधं वाक्य हजेरीमास्तरांच्या तोंडाशी आलं होतं. पण पुरावा नव्हता ना! ते म्हणाले, "गुरुवारी कळेलच."

असं बोलतं का कुणी? पण बोलले खरे. बाईंनी मान हलवली आणि उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या.

बहुधा तिथेच त्यांच्या मनाची गाठ पक्की झाली असावी. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीमास्तर कार्ड काढायला फाटकाशी गेले, तर खांब रिकामा. पट्टा नाही, कॅमेरा नाही. "चोरी! चोरी!" करत ते बनियनवरच घरात शिरले. विमेवाल्यांचंच काम, सूड उगवला, आत्ता जातो, बघतोच एकेकाला...

"चोरी नाही झाली," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. हजेरीमास्तर ओरडतच होते, म्हणून त्या बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर उभं राहून पुन्हा म्हणाल्या, "चोरी नाही झाली. बदली झालीय त्याची. पुढून मागे."

काल संध्याकाळी हजेरीमास्तर औषधाच्या दुकानात गेले तेव्हा बाईंनी जावयाला फोन लावला होता. किती उंचीवर बांधू? गुडघ्याएवढ्या. तोंड कुठे करू? वाफ्याकडे, जरा खाली. आणि बाईंनी आपण होऊन विचारलं, आवाज टिपतो का हो हा? टिपतो की, जावई म्हणाला, फक्त फोटोऐवजी व्हिडिओवर ठेवा. मग बाईंनी घेवड्याच्या जाडशा काठीला कॅमेरा बांधला. पट्टा घट्ट बसेना, तर कपडे वाळत घालायच्या दोरीनं वरून आवळला.

"मला न विचारता?" हजेरीमास्तर म्हणाले.

"विचारलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी."

हजेरीमास्तर फुरंगटून लॅपटॉपसमोर बसले. कार्ड घातलं. बाई आत गेल्या. त्यांचा धीर होत नव्हता. त्यांनी नळ सोडला आणि एकदा घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

कार्डात व्हिडिओ एकच. दोन वाजून एकोणचाळीस मिनिटं. हजेरीमास्तरांनी बटण दाबलं. करड्या उजेडात रताळ्याचा वाफा दिसला. विमेवाल्यांची मांजर डावीकडून रमतगमत आली आणि वाफ्याच्या मधोमध बसून पंजा चाटायला लागली. हात तिच्या! याच्यासाठी एवढा खटाटोप? हजेरीमास्तर बंद करणार, तेवढ्यात मांजरीनं चाटणं थांबवलं. कान टवकारले. मान गर्रकन कुंपणाकडे वळवली.

आतमध्ये भांडं खणकन पडलं. ओले हात तसेच घेऊन बाई दारात येऊन उभ्या.

"हाच! अहो, हाच तो आवाज!"

"कुठला आवाज?" हजेरीमास्तर म्हणाले. "अजून तर काही आलंच नाही. मांजर आहे नुसती."

"ऐका ना! वाजतोय बघा, आत्ता, आत्ता..."

पडद्यावरची मांजर शेपूट फुगवून पळाली. वाफा रिकामा. आणि मग कुंपणाच्या खालून, जिथे फाटक नाही, दार नाही, हजेरी नाही, तिथून एक जाडजूड काळं बोचकं आत सरकलं. अंगभर काटे, हातहात लांबीचे, काळे-पांढरे. साळिंदर! चांगलं पोसलेलं, रताळ्यांवरच पोसलेलं. त्यानं अंग झटकलं, शेपटीवरचे काटे थरथरवले, ऐटीत वाफ्यात शिरलं आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागलं.

"साळिंदर!" हजेरीमास्तर खुर्चीवरून उठले. "अगं, साळिंदर आहे! हजर! दोन एकोणचाळीस, हजर!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि हात ओले असल्यामुळे नक्की काय पुसतायत ते कळत नव्हतं. "काटे वाजवतं हो ते! काटे! मी म्हटलं नव्हतं, दाभणांचा डबा? नाही ना मी वेडी? नाही ना?"

"नाहीस गं, नाहीस," हजेरीमास्तर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, इतका की चौतीस वर्षांत कुणाच्या हजेरीचा झाला नसेल. "पुन्हा बघू. पण हा व्हिडिओ आवाजाशिवायच आला वाटतं. जावईबापूंना विचारायला हवं."

बाईंनी पदराला हात कोरडे केले.

हजेरीमास्तरांनी व्हिडिओ पहिल्यापासून लावला. आवाजाची खूण शेवटपर्यंत ओढली. ती आधीच शेवटाला होती. मांजर आली. मांजरीनं कान टवकारले. त्यांनी लॅपटॉपला कान लावला, आधी उजवा, मग डावा. साळिंदरानं काटे थरथरवले. पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, एकेक काटा हलताना. आणि कानात काही नाही. चिडीचूप. ते वळले. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही आश्चर्य नव्हतं.

"तुला ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत, नळ चालू असताना आलं?"

"हो."

हजेरीमास्तर हळूच खुर्चीत बसले. मांजरीला ऐकू आलं होतं, बायकोला ऐकू आलं होतं. गैरहजर ते एकटेच होते. "तुला माहीत होतं?" ते म्हणाले.

"सहा वर्षं झाली."

"सहा?"

"तुमच्या निरोपसमारंभात साहेब भाषण करत होते आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी मान डोलवत होतात. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. नुकतं काम सुटलं होतं, तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. म्हटलं, राहू दे. कुणी काही बोललं की मी आपली तेच पुन्हा म्हणायचे, तुमच्याकडे तोंड करून. पोस्टमन बोलला, दुकानदार बोलला, मी पुन्हा म्हणायचे. तेवढ्यावर भागत होतं की. मी होते ना."

हजेरीमास्तरांना वहीतली ती रेघ मारलेली ओळ आठवली. आपल्या हातानं मारली होती, पट्टी लावून. त्यांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. आपण हिची एकेक चूक टिपून मुलीला कळवत होतो, फाटकाशी उभं राहून, आणि ही सहा वर्षं आपलं झाकत होती. मुलीपासूनसुद्धा.

"चुकलो मी," ते म्हणाले. "फार चुकलो."

"बरं," बाई म्हणाल्या. "चहा ठेवू?"

"थांब जरा."

त्यांनी फोन घेतला आणि मुलीला लावला. या वेळी फाटकाशी गेले नाहीत, तिथेच टेबलापाशी बसले आणि फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला. "हे बघ," ते म्हणाले, "आईला काही झालेलं नाही. साळिंदर आहे, व्हिडिओ पाठवतो. पण गुरुवारी आम्ही येतोय. ते मेंदूचे डॉक्टर रद्द कर. कानाचे बघ."

पलीकडून मुलगी काहीतरी बोलली. हजेरीमास्तरांनी बाईंकडे पाहिलं.

"ती विचारतेय," बाई म्हणाल्या, "आईच्या कानाला काय झालं?"

"आईच्या नाही," हजेरीमास्तर म्हणाले. "माझ्या."